चोपड्याच्या शिवारातला लावा कोणता, आणि तो राहतो कुठे?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी तुमची शेती आहे. शेताच्या वरच्या अंगाला वनखात्याची हद्द आणि मध्ये बोरी-बाभळी, दगडगोटे नि गवताचा एक पडीक पट्टा. तिथून चालताना दहा-बारा लाव्यांचा थवा पायाजवळून भर्रकन उडतो. पुस्तकात रान लावा झाडोऱ्याच्या जंगलात राहतो असं वाचलंत, नकाशात खडक लाव्याचे ठिपके धुळ्याकडे दिसले, आणि तुमच्याकडे ना धड जंगल ना धड माळ. मग हा लावा कोणता? आणि घरचे म्हणतात तसा तो पट्टा जेसीबीने साफ करून केळी लावली, तर हे पक्षी वर जंगलात निघून जातील का?

नाव ठरवणं तुलनेने सोपं आहे, ते पुढे सांगतो. अवघड आहे तो दुसरा प्रश्न. तो पडतो कारण आपण पक्ष्यांची वाटणी वनखात्याच्या नकाशावरून करतो: हद्दीच्या आत जंगलातले, हद्दीबाहेर माळावरचे. लाव्यांना ही हद्द लागू होत नाही. खानदेशात इतकी वर्षं लाव्यांच्या मागे फिरून माझं मत पक्कं झालंय, की लावा कुठे राहणार हे झाडांपेक्षा जमिनीलगतचं पहिलं हात-दीड हात ठरवतं. गवत किती उंच, झुडूप किती दाट, दोन झुडपांमध्ये मोकळी जमीन किती, दगड किती. वर साग आहे की अंजन, याचा संबंध आहे, पण तो या खालच्या थरातून येतो.

आधी ओळख, कारण खानदेशात 'लावा' किंवा 'लावरी' म्हटलं की चार-पाच वेगळे पक्षी त्यात येतात.

कपाशीतून, हरभऱ्यातून, ज्वारीतून एकटा किंवा जोडीने उठून सरळ रेषेत बऱ्यापैकी लांब जाणारा लावा हिवाळ्यात बहुधा साधा लावा असतो. तो आपल्याकडे थंडीतला पाहुणा. पावसाळ्यात शेतातून सतत दुहेरी धातूसारखी शीळ ऐकू आली, तर ती पावसाळी लाव्याची. त्याच्या नराच्या छातीवर काळा डाग असतो. तिसरे बटन क्वेल. ते दिसायला लाव्यासारखे, पण त्यांचं कूळ वेगळं. त्यांच्या पायाला तीनच बोटं असतात, मागचं बोट नसतं. त्यांची मादी नरापेक्षा मोठी नि रंगाने उठावदार, आणि अंडी उबवायला बसतो नर. मऊ मातीत किंवा धुळीत ठसे मिळाले तर एवढ्या बोटांवरूनही निकाल लागतो. हे सगळे एकेकटे किंवा जोडीने दिसतात. तुम्ही सांगता तसा दहा-बारांचा थवा एकाच झुडपाखालून फटाक्यांची माळ लागावी तसा चहूदिशांना उडत असेल, थोड्याच अंतरावर परत गवतात उतरत असेल आणि काही वेळाने शिट्ट्या घालत एकत्र येत असेल, तर तो झुडपी लाव्यांपैकीच एक. म्हणजे रान लावा किंवा खडक लावा.

या दोघांत घोळ होणं स्वाभाविक आहे. दोघेही साधारण १६ ते १८ सेंटिमीटर, मूठभर, वजन ऐंशी ग्रॅमच्या आत-बाहेर. दोघांच्याही नराच्या छाती-पोटावर पांढऱ्यावर काळ्या आडव्या रेषा असतात. म्हणून पट्टे दिसले म्हणजे अमुक, असा निष्कर्ष काढू नका. फरक डोक्यात आणि कंठात आहे. रान लाव्याच्या नराला लांब तांबूस भुवई असते आणि तिच्या कडेने पांढरी रेघ मानेपर्यंत जाते; कंठ गर्द तांबडा-तपकिरी. खडक लाव्याच्या नराचा कंठ विटकरी, जरा फिका, आणि भुवईची ती रेखीव पांढरी कड त्याला नसते.

पण माझा सल्ला मादीकडे बघा. रान लाव्याच्या मादीचं पोट बिनरेघांचं, फिकट गुलाबी-तपकिरी असतं, तरी तिचा कंठ नरासारखाच गर्द तांबडा राहतो. खडक लाव्याच्या मादीचा कंठ फिका, हनुवटीजवळ पांढुरका, बाकी अंगाशी मिळताजुळता. थव्यात माद्या असतातच. तेव्हा बिनपट्ट्याचा पक्षी शोधायचा आणि त्याचा गळा बघायचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पक्षी पाठमोरा आहे, पाठीवर तपकिरी-काळे ठिपके नि फिकट रेघा दिसतात. यावरून मी रान लाव्याकडे झुकतो, पण शिक्का मारणार नाही.

आणखी एक शक्यता मनात ठेवा. चोच आणि पाय लालभडक दिसले, नराच्या काळ्या चेहऱ्याला पांढरी पट्टी नि कंठ पांढरा दिसला, तर तो रंगीत लावा. तो पश्चिम घाटात आणि मध्य भारतातल्या डोंगरांत आहे, आणि त्याच्या मध्य भारतातल्या उपजातीच्या नावात ब्लेविट हे नाव आहे, जे आपल्या रानपिंगळ्याच्या, म्हणजे इथल्या दुर्मिळ छोट्या घुबडाच्या, शास्त्रीय नावातही आहे. सातपुड्याच्या उंच भागात फिरताना लाल चोचीचा लावा दिसला, तर फोटो घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता जमिनीकडे येतो.

लावा हा मुळात चालणारा पक्षी. पंख आखूड नि गोलसर, त्यामुळे उड्डाण जोरदार पण छोटं. शिक्रा वरून, मुंगूस-रानमांजर-घोरपड खालून, अशा सगळ्या शत्रूंपासून त्याच्याकडे दोनच उपाय: आधी निपचित दबून राहणं, आणि अगदीच पाय पडायची वेळ आली की एक झेप. त्या एका झेपेच्या अंतरात दुसरं झुडूप पाहिजे. माझ्या मते लाव्याच्या अधिवासाचं सगळं गणित या एका गोष्टीत आहे. झुडपं त्याहून विरळ झाली की थवा टिकत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. गवत सलग दाट झालं, घाणेरी माजली, वेड्या बाभळीने जमीन झाकली, तरी लावा नकोच म्हणतो. त्याला बिया टिपायला, वाळवी नि किडे शोधायला गवताच्या जुड्यांमधून मोकळी माती लागते. सकाळ-संध्याकाळ थवा ठरलेल्या वाटेने एकामागे एक चालत पाण्यावर जातो, त्या वाटा गवतात स्पष्ट दिसतात. सलग दाटीत त्या वाटा बनतच नाहीत. म्हणजे मोकळी जागा, गवताची जुडी, काटेरी झुडूप, पुन्हा मोकळी जागा, असं आलटून-पालटून असलेलं रान त्याला लागतं. रान लाव्याला यातलं झुडूप आणि गवत जास्त लागतं, वर थोडी झाडांची सावली चालते. खडक लाव्याला दगड आणि उघडी जमीन जास्त लागते, गवत खुरटं चालतं. तो दगडगोट्यांच्या रंगात मिसळून जातो, त्यामुळे त्याला आडोसा कमी पुरतो. दाट गवत आणि जंगल तो टाळतो.

हे ध्यानात ठेवून खानदेश उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत जाऊ.

वर अक्राणी-तोरणमाळचा भाग, तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर. तिथल्या उतारांवर जिथे साग एकसारखा दाट आहे, तिथे खाली गवत कमी आणि पानांचा खच जास्त. अशा सागाखाली तासन्तास चाललो तरी लावा उठत नाही. तोच साग जिथे विरळ होतो, उतारावरच्या शेतांच्या कडा येतात, तिथे रान लावा भेटतो. म्हणजे दाट जंगलात तो असलाच तर जंगलाच्या फटींमध्ये. पश्चिमेला नवापूरकडे पाऊस जास्त, रान ओलं. तिथेही तो मोकळ्या, कोरड्या जागा धरूनच असतो.

पूर्वेकडे यावल अभयारण्य, पाल, आणि शिरपूरकडे अनेर धरणाचा परिसर. इथली रानं मला रान लाव्यासाठी खानदेशात सगळ्यात जमलेली वाटतात. अंजन, सालई, धावडा, खैर. मुरमाड खडकाळ उतार, त्यामुळे झाडं सुटी-सुटी आणि त्यांच्या खाली कुसळी, पवन्या, मध्येच रोशा गवताच्या जुड्या. मोकळी माती आपोआप मधेमधे राहते. यावल अभयारण्य १९६९ सालचं. वाघ-बिबट्याच्या चर्चेत तिथल्या या लहान पक्ष्याकडे फारसं कोणी बघत नाही, याची मला खरंच खंत वाटते. गवताळ उताराची तब्येत कशी आहे हे लाव्यांचा थवा जितक्या लवकर सांगतो, तितक्या लवकर मोठी जनावरं सांगत नाहीत.

मग येतो तुमचा पट्टा. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतून डोंगरातल्या नाल्यांनी हजारो वर्षं वाहून आणलेल्या गोट्या-वाळूचा थर आहे. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात, तापी खोऱ्याचं पाणी जमिनीत मुरवणारा हाच भाग. पाण्यासाठी त्याची चर्चा होते, पण पक्ष्यांसाठीही तो महत्त्वाचा आहे. जिथे नांगर चालत नाही अशा गोट्यांच्या पट्ट्यात, नाल्यांच्या काठांवर, बोर-बाभूळ-हिवर आणि गवत तग धरून राहतं. डोंगरातलं रान या नाल्यांच्या काठाने बोटांसारखं मैदानात उतरतं, आणि रान लावा त्या बोटांवरून खाली येतो. म्हणून तुमच्या शिवारात रान लावा असणं मला अजिबात वावगं वाटत नाही. वनहद्दीबाहेर आहे म्हणून तो भटकलेला नाही. झुडपी लावे स्थलांतर करत नाहीत, आणि वर्षभर तिथे थवा दिसत असेल तर तो तिथला रहिवासीच.

त्याखाली तापीचं काळं मैदान. कपाशी, केळी, मका, ऊस. इथे झुडपी लावा जवळपास संपतो. केळीच्या बागेखाली पाणी आहे, सावली आहे, पण गवताची जुडी नाही, काटा नाही, बी नाही. शेतात मिळतात ते साधे आणि पावसाळी लावे. अपवाद तापी आणि गिरणेकाठच्या घळींचा. गाळाच्या जमिनीत पाण्याने कापलेल्या त्या घळींत काटेरी झुडूप आहे आणि नांगर पोहोचत नाही. तिथे फिरताना दोन्ही जातींची तयारी ठेवून बघा.

तापी ओलांडून शिंदखेडा, धुळे, साक्री. पर्जन्यछायेचा हा भाग, माथ्यावर मुरूम, पावलापावलाला काळा दगड. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांचं पठार डोळ्यांसमोर आणा, किंवा धुळ्याजवळच्या लळिंगच्या आसपासचे उघडे उतार. अशा जागी थवा उठला तर मी आधी खडक लाव्याचा विचार करतो. पण इथेही खोडी आहे. धुळे-नंदुरबार भागात बेसॉल्टच्या भिंती जमिनीतून उभ्या राहिल्यासारख्या लांबच लांब गेलेल्या दिसतात, भूगर्भवाले त्यांना डाईक म्हणतात. त्या भिंतींच्या बुडाशी माती साठते, ओल टिकते, झुडूप वाढतं. माळावर खडक लावा आणि शेजारच्या डाईकच्या बुडाशी रान लावा, असं चालत जाण्याइतक्या अंतरात होऊ शकतं. मोठ्या प्रमाणावरचा नकाशा हे दाखवूच शकत नाही. नकाशात धुळ्याला खडक लावा नि सातपुड्याला रान लावा हे ढोबळमानाने बरोबर आहे, पण तुमच्या बांधावरचा पक्षी ठरवायला तो पुरत नाही.

आणि शेवटी दक्षिणेची भिंत, सातमाळा-अजिंठ्याची रांग. चाळीसगावचं पाटणादेवी, गौताळा-औट्रम घाट अभयारण्य. पुन्हा झाडोरा, पुन्हा गवताळ उतार, पुन्हा रान लावा.

हे सगळं कशावर अवलंबून आहे, तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही एका फेरीत पक्षी दिसला नाही म्हणून निष्कर्ष काढाल.

पाऊस चांगला झाला की आश्विनात गवत कमरेला लागतं. पक्षी असतो पण दिसत नाही, फक्त आवाज येतो. नर एकमेकांना आव्हान देताना कर्कश 'ची-ची-चक, ची-ची-चक' करतात, तो आवाज कोतवालासारखा वाटून नवखा माणूस वर झाडात बघत राहतो. माघ-फाल्गुनात गवत वाळतं, कापलं जातं, चरलं जातं. तेव्हा उरल्यासुरल्या आडोशात थवे एकवटतात आणि एकाच नाल्यावर दोन-तीन थवे दिसू शकतात. हे पाहून 'लावे वाढले' असं वाटतं. खरं म्हणजे जागा आटलेली असते. वैशाखात, जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा, पाण्याचा एखादा डोह सगळं ठरवतो. दुपारी पक्षी झुडपाखालून हलतच नाही. यावलकडच्या एका गुराखी बाबांनी मला एकदा दोन शब्दांत काम सांगितलं होतं: "सांजले पानी पेवाले येतस." संध्याकाळी पाणवठ्यापासून लांब, शांत बसून राहा, एवढाच त्याचा अर्थ, आणि लावे मोजायची याहून चांगली रीत मला आजवर सापडलेली नाही.

वणव्याचंही तसंच. मोहफुलांच्या हंगामात झाडाखाली पेटवलेला पाला पसरून उतार जळतो. जळालेल्या जागी काही दिवस उघड्या बिया मिळतात म्हणून लावे चरायला येतात, आणि बघणाऱ्याला वाटतं आग लाव्यांना मानवली. पण एका झेपेतलं झुडूप जळून गेलेलं असतं. पुढच्या पावसाळ्यानंतर त्या उतारावर घरट्यासाठी वाळक्या गवताचं बूड उरत नाही. एखाद्या वर्षी थोडा भाग जळणं आणि दरवर्षी सगळा उतार जळणं, यांत फार फरक आहे.

आता नोंदींबद्दल थोडं, कारण तुम्ही नकाशावरून सुरुवात केलीत. खानदेशातल्या पक्ष्यांचा अभ्यास जुना आहे. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापली होती. त्यानेच इथे रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी नि पक्षीसंग्राहकाने संग्रहालयातला डेव्हिडसनचाच एक नमुना चोरून त्यावर गुजरातेतल्या मांडवीचं नाव आणि १९१४ साल चिकटवलं. त्या एका खोट्या चिठ्ठीमुळे रानपिंगळा कुठे आणि कधीपर्यंत होता याचं चित्रच बिघडलं. शेवटी १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, जिवंत सापडला. शंभराहून अधिक वर्षांनी. हे इथे सांगतो ते एवढ्यासाठी, की प्रसाराचा नकाशा हा शेवटी लोकांनी लिहिलेल्या ठिकाणांचा ढीग असतो. ठिकाण खोटं असेल तर नकाशा खोटा, आणि ठिकाण ढोबळ असेल तर नकाशा ढोबळ. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चोपडा तालुक्यात रान लाव्याचा ठिपका नाही याचा अर्थ पक्षी नाही असा नाही. तिथे पहाटे उभं राहून कोणी लिहिलं नाही, एवढाच असू शकतो. तुम्ही तिथे रोज असता. तुमची नीट लिहिलेली नोंद सुट्टीत येऊन जाणाऱ्या माझ्यासारख्याच्या नोंदीपेक्षा मोलाची आहे.

थोडक्यात इथवरचं: तुमचा थवा झुडपी लाव्यांचा आहे हे जवळपास नक्की. जागा पाहता रान लावा असण्याची शक्यता जास्त, पण मादीचा कंठ पाहूनच पक्कं करायचं. आणि तो वनहद्दीत नसून तुमच्या बांधावर आहे, कारण त्याला लागणारी गवत-झुडूप-मोकळ्या मातीची घडी तिथे जमली आहे.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, पट्टा साफ केला तर ते 'वर निघून' जाणार नाहीत. वरच्या उतारावर जिथे चांगली जागा आहे तिथे आधीच दुसरे थवे असतात आणि नर आपल्या जागेसाठी भांडणारे असतात. जिथे जागा रिकामी आहे ती बहुधा याच कारणाने रिकामी आहे, की तिथे गवत किंवा झुडूप पुरत नाही. सैरभैर झालेला थवा उघड्यावर फिरतो, शिक्रा-मुंगसाला सापडतो, आणि एक-दोन हंगामांत संपतो. हे मला स्पष्ट सांगावंसं वाटतं, कारण 'जंगल जवळ आहे, जातील तिकडे' हे वाक्य मी फार शिवारांत ऐकलंय आणि त्यानंतर त्या शिवारांत लाव्याची शीळ ऐकू येत नाही.

तरी तुमचं पोट शेतीवर आहे, आणि सगळा पट्टा तसाच ठेवा असं सांगण्याचा मला अधिकार नाही. मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. नाल्याकाठची आणि वनहद्दीला लागून असलेली बाजू ठेवली असती, कारण तीच डोंगराशी जोडते. तिथली गोटेरी जमीन केळीला फारशी कामाचीही नाही. मधला सुटा तुकडा काढावाच लागला तर काढा, पण ठेवलेला भाग सलग राहू द्या. एकेक झुडूप इकडे-तिकडे ठेवण्यापेक्षा नाल्याची एक अखंड कड फार उपयोगी. घाणेरी आणि वेडी बाभूळ मात्र खुशाल काढा, त्याने लाव्याचं भलंच होईल. बोर, हिवर, तरवड राहू द्या.

गवत कापायच्या वेळेबद्दल जास्त आग्रहाने सांगतो. रान लाव्याची वीण पावसाळा संपत आला की सुरू होते आणि थंडीभर चालू राहू शकते. जागेप्रमाणे महिने पुढेमागे होतात. मादी गवताच्या जुडीच्या बुडाशी खळगा करून चार ते आठ पांढुरकी अंडी घालते आणि सोळा ते अठरा दिवस एकटी उबवते. चाऱ्यासाठी आपण गवत कापतो ते नेमकं याच दिवसांत. सगळा पट्टा एका दमात न कापता अर्धा आत्ता, अर्धा महिन्याभराने, असा कापा, आणि कापताना मधून बाहेरच्या बाजूला जा, म्हणजे पक्ष्याला बाहेर निसटायला वाट राहते. बाहेरून घेरत मध्याकडे आलात तर तो शेवटच्या जुडीत अडकतो. विळा चालवणाऱ्या मजुरांना हे एकदा सांगून ठेवलं की पुरतं. अंडी दिसली तर त्या जुडीभोवती चार पावलं गवत सोडायचं. बांधावर तणनाशक मात्र टाळा. तण मेलं की बी जातं, बी गेलं की किडे जातात, आणि पिलांना पहिले काही दिवस किडेच लागतात.

फासे लावणारे आले तर त्यांना थांबवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली रानातला लावा पकडणं गुन्हा आहे. बाजारात कायदेशीर विकला जातो तो पोल्ट्रीत वाढवलेला जपानी लावा, तो वेगळाच पक्षी. आणि कुणी 'लावे वाढवू' म्हणून ते पोल्ट्रीतले पक्षी तुमच्या पट्ट्यात सोडायला सांगितलं, तर कृपा करून सोडू नका. आपल्या पक्ष्यांना त्यातून रोगाशिवाय काही मिळणार नाही.

आता बघायचं कसं. सूर्य उगवायच्या आधी पट्ट्याच्या कडेला जाऊन उभे राहा, आत शिरू नका. आवाज ऐका. थवा चुकून उठलाच तर त्याच्या मागे धावू नका. जिथे आहात तिथेच पंधरा-वीस मिनिटं बसा. पांगलेले पक्षी एकमेकांना हलक्या, थरथरत्या 'व्ही-व्ही-व्ही-व्ही' शिळेने बोलावतात आणि चालत एकत्र येतात. तेव्हा ते गवतातल्या वाटेवर उघडे दिसतात, आणि फोटोची तीच वेळ. मोबाईलवर त्यांचा आवाज वाजवून बोलावू नका. विणीच्या दिवसांत नर भांडायला उघड्यावर येतो आणि तेवढ्यात शिकारी त्याला गाठतो.

वहीत दर वेळी एवढं लिहा: तारीख, वेळ, पक्षी किती, गवत घोट्याला लागतं की गुडघ्याला की कमरेला, जवळचं झुडूप किती पावलांवर, जमीन मुरमाड की काळी, पाणी किती दूर, आणि गेल्या काही महिन्यांत तिथे कापणी, चराई किंवा आग झाली का. जागेचे अक्षांश-रेखांश मोबाईल देतोच. दिसले नाहीत त्या दिवशीही लिहा, कारण रिकाम्या नोंदींशिवाय पक्षी जागा कधी सोडतात हे कळत नाही. वर्षभराची अशी वही झाली की तुमच्या तालुक्यातल्या रान लाव्याबद्दल माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत असेल.

पुढचा फोटो पाठवाल तेव्हा नराच्या पट्ट्यांमागे लागू नका. बिनपट्ट्याची मादी, समोरून किंवा बाजूने, कंठ दिसेल असा. अस्पष्ट असला तरी चालेल, रंग कळला पाहिजे. आणि नाल्याकाठच्या त्या पट्ट्याचाही एक फोटो पाठवा, जमिनीवर बसून काढलेला, म्हणजे लाव्याच्या उंचीवरून तिथे झुडपं किती लांब दिसतात ते मला बघता येईल. केळीसाठी कुठली बाजू सोडता येईल आणि कुठली ठेवावी, हे त्यावरून जास्त नेमकं सांगेन.